डोक्यावर काय घालावे? रानात काठाची हॅट, विहिरीत हेल्मेट



उन्हाळा आला की आपल्या बारामती-इंदापूर भागात दोन कामे जोरात सुरू होतात. एक, उभ्या उन्हातले रानातले काम. दुसरे, विहिरीचे. पाणी खाली गेले की कुणी गाळ काढतो, कुणी खोली वाढवतो, कुणी नवी विहीर पाडतो. या दोन्ही कामांत डोके सांभाळावे लागते. पण दोन्हीकडे एकच टोपी चालत नाही. आज त्याचाच विचार करू.

अलीकडे तरुण मंडळी बाजारातून काउबॉय पद्धतीची रुंद काठाची हॅट आणतात. म्हातारी माणसे हसतात, म्हणतात, "हे सिनेमातलं खूळ!" पण ही हॅट कामासाठीच जन्मली. अमेरिकेत जॉन स्टेटसन याने 1865 साली गुराख्यांसाठी रुंद काठाची हॅट विकायला काढली, ती ऊन-पावसापासून बचाव व्हावा म्हणूनच. आपल्याकडे पटका, मुंडासे, पोत्याची खोळ आणि स्त्रियांचा पदर यांनी तेच काम केले. गांधी टोपीने मात्र कपाळ, कान आणि मान उघडी राहते.

रानासाठी हॅट घेताना रुबाबापेक्षा काठ पाहावा. तो चारी बाजूंनी निदान तीन इंच आणि सपाट असावा. दोन्ही बाजूंनी वर वळवलेला काठ दिसतो छान, पण कानावर सावली पडत नाही. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा, काळा रंग ऊन शोषतो. हॅट सुती कापडाची किंवा गवताची असावी, म्हणजे हवा खेळते. हॅट नसेल तर ओला करून पिळलेला पंचा डोक्यावर घेऊन मानेपर्यंत सोडावा. आणि हे ध्यानात ठेवा, की हॅट घातली म्हणून दुपारी बारा ते चार रानात राबावे असे नाही. पाणी थोडे थोडे, वारंवार प्यावे. कामावरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, भोवळ आली, तर ती उष्माघाताची खूण समजावी. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

आता विहिरीकडे वळू. इथे कापडी हॅटचा काही उपयोग नाही. पन्नास फुटांवरून सुटलेला दगड पावणेदोन सेकंदांत तळाशी येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटर असतो. वरच्या माणसाने "दगड!" म्हणून ओरडेपर्यंत तो खाली पोहोचलेला असतो. म्हणून विहिरीत कडक हेल्मेटच हवे.

हे हेल्मेट काही नवे नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या डोक्यावर पोलादी टोप आले. ते पाहून अमेरिकेत बुलार्ड कंपनीने 1919 साली खाणकामगारांसाठी वाफवलेल्या जाड कापडाची, सरस लावून कडक केलेली टोपी काढली. आज ती प्लास्टिकची असते. तिची खरी करामत आतल्या पट्ट्यांत आहे. पट्ट्यांमुळे कवच आणि डोके यांच्यात बोट-दीड बोट पोकळी राहते. वरून मार बसला की पट्ट्या ताणतात आणि दणका एका जागी न बसता डोकेभर वाटला जातो. म्हणून हेल्मेटखाली जाड पटका किंवा टॉवेल कोंबू नये. पोकळी बुजली की हेल्मेटचा अर्धा उपयोग गेला.

परदेशात काउबॉय घाटाची कडक हेल्मेटेही मिळतात. घाट कोणताही असो, आत पट्ट्या आहेत का ते पाहा आणि आयएसआय खूण व आयएस 2925 हा क्रमांक पाहूनच माल घ्या. विहिरीत उतरायला काठ आखूड असलेला बरा, रुंद काठ वर पाहताना आड येतो आणि दोराला अडकतो. हनुवटीचा पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर वाकल्याबरोबर हेल्मेट खाली पडते.

काहीजण मोटारसायकलचे हेल्मेट घालून उतरतात. ते त्या कामाचे नाही. कान झाकल्याने वरची हाक ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही आणि आत घाम धरतो. हेल्मेटला भोके पाडू नयेत, रंग फासू नये, ते उन्हात टाकून ठेवू नये. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट चीर दिसत नसली तरी बदलावे.

मात्र हेल्मेट म्हणजे कवचकुंडले नव्हेत. बारक्या दगडांपासून, घमेल्याच्या आणि बादलीच्या धक्क्यापासून ते वाचवील. मोठी दरड आली तर नाही. इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडी येथे 2023 च्या ऑगस्टमध्ये विहिरीचे काम चालू असताना कडा ढासळली आणि चार मजूर गाडले गेले. अशा वेळी डोक्यावर काहीही असले तरी उपयोग नसतो. म्हणून आधी काठाची व्यवस्था करावी. काढलेला मुरूम आणि दगड काठापासून लांब टाकावा. काठावर ट्रॅक्टर उभा करू नये. कडेला भेगा दिसल्या, माती झिरपू लागली, तर सर्वांना वर काढावे आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. भरलेली बादली वर जाताना तिच्याखाली कुणी उभे राहू नये. सुरुंगाचा धूर पूर्ण गेल्याशिवाय कुणाला खाली सोडू नये.

आता शेवटचा मुद्दा. हेल्मेट कुणी आणायचे? "ते ठेकेदाराचं काम" असे म्हणून मालक मोकळा होतो आणि ठेकेदार मजुरावर ढकलतो. बंधूंनो, विहीर आपली, पाणी आपल्या उसाला जाणार, तेव्हा खाली उतरणाऱ्याच्या डोक्याची काळजीही आपलीच. साध्या हेल्मेटला मजुराच्या एखाद्या दिवसाच्या मजुरीएवढा खर्च येतो. यारी, दोर, सिमेंट यांचा हिशेब धरताना खाली उतरतील तितकी हेल्मेटे त्यातच धरा. वस्तीवर चार-पाच जणांनी मिळून घेतली तर दरवर्षी आळीपाळीने वापरता येतील.

रानात जाताना सावली आणि विहिरीत उतरताना कवच, एवढे ध्यानी ठेवा.