स्वमग्न मूल : घरीं आणि शाळेंत

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचें स्मरण करावें, त्यांनीं उभारलेल्या देवळाचें व शाळेचें कौतुक करावें, असा शिष्टाचार आहे. आणि तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. मला मात्र, ज्या मुलांसाठीं शाळा बांधल्या जातात त्यांपैकीं जीं मुलें अद्यापि त्यांच्या दाराबाहेर उभीं आहेत, त्यांच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. ज्या अवस्थेस इंग्रजींत ‘ऑटिझम’ व मराठींत ‘स्वमग्नता’ म्हणतात, ती घेऊन जन्मास आलेलीं हीं मुलें होत. विषय मोठा आहे, म्हणून त्याचे मी तीन भाग करतों. ही अवस्था म्हणजे काय, हा पहिला; घरीं आईबापांनीं काय करावें, हा दुसरा; आणि शाळेनें काय करावें, हा तिसरा.

‘स्वमग्न’ हा शब्द ऐकतांच, आपल्याच विचारांत गढलेला व इतरांची पर्वा नसलेला मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. शब्दाची ही छाया पुष्कळ गैरसमजांस कारण झाली आहे. मूळ शब्द ग्रीक भाषेंतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून आला. स्विस मानसवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तो मोठ्या माणसांच्या एका निराळ्याच मनोविकारासंबंधीं योजिला होता. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध करून त्यांच्या अवस्थेस हा शब्द लाविला, आणि तो कायमचा चिकटला. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पर्गर यांनीं तशाच मुलांविषयीं लिहिलें. परंतु हीं मुलें जाणूनबुजून जगाकडे पाठ फिरवीत नाहींत. जग त्यांच्याकडे ज्या वाटेनें येतें ती वाटच त्यांस अवघड जाते.

आजचें वैद्यकशास्त्र या अवस्थेस मेंदूच्या वाढीची एक निराळी धाटणी मानतें. ती संसर्गानें येत नाहीं व औषधानें जात नाहीं. तिचीं लक्षणें दोन प्रकारचीं. इतरांशीं संवाद साधण्यांत व संबंध जोडण्यांत येणारी अडचण, हें एक. त्याच त्या गोष्टींची ओढ, नेहमींचा क्रम मोडल्यास होणारा क्लेश, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास, चव यांचा इतरांपेक्षां फार तीव्र किंवा फार मंद अनुभव, हें दुसरें. तथापि दोन स्वमग्न मुलें एकसारखीं नसतात. कोणी मुळींच बोलत नाहीं. कोणी पुस्तकासारखें शुद्ध बोलतें, पण समोरच्यानें केलेली थट्टा त्यास कळत नाहीं. कोणाची बुद्धि मंद असते, कोणाची तल्लख. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत दर १२७ माणसांमागें एकाची अवस्था अशी होती. हा हिशेब पांच हजार वस्तीच्या गांवास लावून पाहा. चाळिसाच्या आसपास आंकडा येतो. हे चाळीस जण कोठें आहेत? आपल्या शाळेंत, लग्नांत, सणावारांत त्यांपैकीं किती दिसतात? याचें उत्तर आपणांपैकीं प्रत्येकानें आपल्या मनाशीं द्यावें.

अशा मुलाचे आईबाप धर्मगुरूकडे येतात तेव्हां बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : ‘फादर, हें कोणाच्या पापाचें फळ?’ जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं प्रभूला हेंच विचारलें होतें, आणि प्रभूनें पापाचा तो हिशेबच फेटाळून लाविला. शास्त्रासहि तेथपर्यंत पोहोंचण्यास बराच काळ लागला. एके काळीं पाश्चात्त्य देशांतील नामांकित पंडित, आईच्या थंड व कोरड्या स्वभावामुळें मूल असें होतें, असें छातीठोकपणें सांगत. आणि कितीएक निरपराध माता तो डाग कपाळीं घेऊन जगल्या. १९६४ सालीं डॉ. बर्नार्ड रिमलंड यांनीं या मताचें सप्रमाण खंडन केलें. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते. १९७७ सालीं सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकरूप जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकीं चार जोड्यांत दोन्ही भावंडें स्वमग्न निघालीं. भिन्नरूप जुळ्यांच्या दहा जोड्यांत असें एकदांहि आढळलें नाहीं. या अवस्थेचें मूळ मुख्यतः आनुवंशिक घडणींत आहे, हें यावरून दिसूं लागलें व पुढील संशोधनानें तें दृढ झालें. तेव्हां सासूनें सुनेस, नवऱ्यानें बायकोस आणि आईनें स्वतःस दोष देणें आतां थांबवावें.

लसीविषयींचा प्रवादहि असाच निराधार आहे. १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत अवघ्या बारा मुलांवरून लिहिलेल्या एका निबंधानें गोवराच्या लसीविषयीं भय पसरविलें. २०१० सालीं त्या नियतकालिकानें तो निबंध मागें घेतला. २०१९ सालीं डेन्मार्कमध्यें साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत लस व स्वमग्नता यांचा कांहींएक संबंध आढळला नाहीं. खोट्या भयापायीं मुलास गोवराच्या तोंडीं देणें हा शहाणपणा नव्हे.

आतां दुसऱ्या भागाकडे वळतों. घरीं पहिलें कर्तव्य लवकर ओळखण्याचें. वर्षाचें मूल नांवानें हांक मारली असतां वळून पाहत नाहीं. दीड वर्षाचें झालें तरी बोटानें कांहीं दाखवीत नाहीं. आईनें दाखविलेल्या वस्तूकडे पाहत नाहीं. येत असलेले शब्द अचानक गमावून बसतें. अशा खुणा दिसतांच त्याचे कान तपासून घ्यावे व बालरोगतज्ज्ञास दाखवावें. ‘याचा बापहि उशिरांच बोलला’ हें आजीचें वाक्य प्रेमाचें असतें, परंतु त्या वाक्यानें मुलाचीं दोनतीन मोलाचीं वर्षें फुकट जातात. तपासणींत कांहीं न निघालें तर हानि कोणतीच नाहीं.

दुसरें कर्तव्य मुलाच्या वाटेनें जाण्याचें. मूल गाडीचें चाक तासभर फिरवीत बसलें असेल तर चाक हिसकावून घेऊं नये. शेजारीं बसून आपणहि एक चाक फिरवावें, ‘फिरलें’, ‘थांबलें’ असे छोटे शब्द बोलावे, आणि त्यानें आपल्याकडे पाहण्याची वाट पाहावी. हें कोणा मोठ्या शहरांतील तज्ज्ञासच साधतें असें नव्हे. गोव्यांत व पाकिस्तानांतील रावळपिंडींत असा एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पासष्ट मुलें होतीं. कांहीं कुटुंबांस, तज्ज्ञ नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या स्थानिक सेवकांनीं, मुलाशीं कसें खेळावें व बोलावें हें आईबापांस शिकविलें. त्या कुटुंबांत आईबाप मुलाच्या कलानें अधिक वागूं लागले, आणि मुलेंहि आपण होऊन अधिक वेळां संवाद सुरू करूं लागलीं. सर्व अडचणी मिटल्या असें नाहीं; परंतु साध्या घरांतहि हें काम होतें, एवढें सिद्ध झालें.

तिसरें, दिवसाचा क्रम डोळ्यांस दिसूं द्यावा. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, चित्र भिंतीवर राहतें. उठणें, दांत घासणें, न्याहारी, शाळा, खेळ, जेवण, झोंप यांचीं चित्रें ओळीनें लावावीं. क्रम बदलणार असेल तर तें आधींच चित्रानें सांगावें. न बोलणाऱ्या मुलास पाण्याच्या पेल्याचें चित्र देऊन पाणी मागण्यास शिकवावें. चित्रांची संवय लागल्यास मूल बोलणारच नाहीं, ही भीति खोटी आहे; आपलें म्हणणें दुसऱ्यास कळतें हा अनुभव मुलास आला कीं, बोलण्यासहि त्याची मदतच होते.

चौथें, रडणें-ओरडणें म्हणजे हट्ट असें धरून चालूं नये. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, सदऱ्याच्या गळ्यामागची टोंचणारी पट्टी, लग्नांतील बँड, यांपैकीं कशानेंहि अशा मुलास असह्य पीडा होते, आणि ती सांगावयास शब्द नसल्यामुळें तें किंचाळतें किंवा डोकें आपटतें. मारल्यानें पीडेंत भर पडते. कारण शोधावें, शांत जागीं न्यावें, शब्द कमी वापरावे. नंतर, केव्हां व कशानें असें झालें, हें वहींत टिपून ठेवावें. महिन्याभरांत तीच वही पुष्कळ शिकविते.

दोन सूचना थोडक्यांत. अशा मुलांपैकीं पुष्कळांस पाण्याची ओढ असते व धोक्याची जाणीव कमी. आपल्याकडे विहिरी व बावखलें आहेत. तेव्हां कठडे बांधा, मुलास पोहावयास शिकवा, आणि मूल एकटें दिसल्यास हात धरून घरीं आणा, असें शेजाऱ्यांस सांगून ठेवा. दुसरी सूचना अशी कीं, ‘बरें करून देतों’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. मूळपेशींच्या सुया व नाना प्रकारचीं महाग औषधें यांनीं स्वमग्नता बरी होते असें सिद्ध झालेलें नाहीं. त्यांपायीं दागिने मोडूं नका. तो पैसा वाचा-उपचारास व शिक्षणास लावा.

आतां शाळा. २०१६ च्या अपंगव्यक्ति-हक्क कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं. त्यांत स्वमग्नता स्पष्ट शब्दांत आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यांत ती नव्हती. सरकारी व सरकारमान्य शाळांनीं भेदभाव न करतां अशा मुलांस प्रवेश द्यावा, आणि ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस विनामूल्य शिक्षण मिळावें, असें तो सांगतो. केंद्रसरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीं लेखी परीक्षेंत लेखनिक व दर तासामागें किमान वीस मिनिटें अधिक वेळ देण्याची तरतूद केली. म्हणून आईबापांनीं सरकारी रुग्णालयांतून प्रमाणपत्र अवश्य घ्यावें. लोकांस कळेल या लाजेनें कागद न केल्यास मुलाचाच हक्क बुडतो.

येथें शिक्षकांचा एक प्रश्न मला ऐकूं येतो : ‘फादर, वर्गांत साठ मुलें; त्यांत हें एक कसें सांभाळावें?’ प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर नुसत्या उपदेशानें देणें अन्यायाचें होईल. कांहीं मुलांस विशेष शाळाच योग्य असते, हेंहि मी मान्य करतों. परंतु ज्यांस सामान्य वर्ग झेपेल त्यांच्यासाठीं लागणारीं साधनें फारशीं महाग नाहींत. दिवसाचें वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यांत चित्रांनीं लिहावें. घंटा होण्यापूर्वीं पांच मिनिटें मुलास सांगावें. दारापासून व पंख्याच्या खडखडाटापासून दूर अशी एक ठराविक जागा द्यावी. मन भरून आल्यास दहा मिनिटें शांत बसण्यासाठीं वाचनालयाचा एखादा कोपरा ठेवावा. सूचना एका वेळीं एकच व सरळ अर्थाची द्यावी. ‘पुस्तकांत डोकें घाल’ म्हटल्यावर अशा मुलानें खरोखरच पुस्तकाच्या पानांत डोकें खुपसलें तर तो उद्धटपणा नव्हे. आपण बोललों तेंच त्यानें केलें. ‘माझ्याकडे पाहा’ असा आग्रहहि धरूं नये. पुष्कळ स्वमग्न मुलें डोळे चुकवूनच नीट ऐकतात. आणि मधल्या सुटींत त्याची टिंगल होऊं नये यासाठीं एक समंजस सोबती नेमावा. यांपैकीं बहुतेक गोष्टींनीं उरलेल्या एकोणसाठ मुलांचेंहि कल्याणच होईल.

आमच्याच बाजूच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. मुलगा नऊ वर्षांचा. दोन शाळांनीं त्यास घेतलें नाहीं. एकीनें तर, इतर पालक काय म्हणतील, एवढेंच कारण सांगितलें. तिसऱ्या शाळेंतील एका बाईंनीं त्यास घेतलें. तो गणित करीना, वाचीना; परंतु विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगांव, भाईंदर अशीं चर्चगेटपर्यंतचीं सर्व स्टेशनें तो क्रमानें म्हणे. बाईंनीं स्टेशनांचींच नांवें पुठ्ठ्यांवर लिहिलीं व त्यांवरून वाचन शिकविलें. दोन स्टेशनांमधील मिनिटें मोजून बेरीज शिकविली. आज तो तिसरीचें पुस्तक वाचतो. तो कोणी अलौकिक प्रज्ञेचा पुरुष होईल, असें मी म्हणत नाहीं. प्रत्येक स्वमग्न मुलांत अद्भुत देणगी शोधणें हाहि त्याच्यावर एक जुलूमच आहे. त्याची आई आतां रात्रीं झोंपते, एवढें मला पुरेसें वाटतें.

‘आमच्यामागें याचें कसें होणार?’ हा आईबापांचा शेवटचा प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींस पालक नेमण्याची सोय केली आहे, व त्या न्यासाची ‘निरामय’ नांवाची आरोग्य-विमा योजनाहि आहे. त्यांची चौकशी वेळीं करून ठेवावी. परंतु कायद्याचा पालक कागदावर राहतो; शेजारी उंबऱ्यावर असतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकांनीं येत्या जून महिन्यापूर्वीं या विषयाचें शिक्षण घ्यावें. त्याचा खर्च महोत्सवाच्या शिल्लक निधींतून व्हावा, असें मी समितीस सुचवितों. ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं त्यांनीं, ज्यांच्या घरीं आहे त्या आईस आठवड्यांतून दोन तास मोकळे करून द्यावे. आणि मूल देवळांत, मंडपांत वा गाडींत ओरडलें तर मागें वळून त्याच्या आईकडे रोखून पाहूं नये. सरकून जागा द्यावी. ज्या आईबापांनीं लोकलज्जेस्तव मुलास आजवर घरांत ठेविलें, त्यांनीं त्यास बाहेर आणावें, ही चौथी विनंती. पण ती पहिल्या तीन पुऱ्या झाल्यावरच करण्याचा आपणांस अधिकार पोहोंचेल.