परक्या पंगतीतला माळकरी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या प्रवचनात सांगितलेला मजकूर)



दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी आम्हाला बोलायला उभं केलं आणि विषय आमच्यावरच सोडला. आम्ही चौथी शिकलेली माणसं. शेती करतो, सवडीनं कीर्तन करतो. मोठं तत्त्वज्ञान सांगणारे महाराज उद्या-परवा येणारच आहेत. आज आपण ताटाचं बोलू. गळ्यात माळ असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या पंगतीत कसं बसावं, एवढंच.

हसू नका. गेल्या पाच-सहा वर्षांत जी पोरं आमच्याकडं माळ उतरवायची भाषा करत आली, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच होतं. कोण चाकणला कंपनीत आहे, कोणाचं खता-बियाण्याचं दुकान आहे. पोरगं म्हणतं, "महाराज, कंपनी डीलर लोकांना हॉटेलात जेवण देते. सगळे एका टेबलावर. साहेब स्वतः वाढतो. नाही म्हणलं की सगळे बघतात." काही जण तर फाटकातच माळ काढून खिशात घालतात आणि घरी येताना परत घालतात. ज्या माळेला आपण देवाची खूण म्हणतो ती रुमालाबरोबर खिशात. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

आधी आपलं पथ्य काय ते नीट बघा. माळ घेतली म्हणजे मांस-मच्छी सुटलं, दारू सुटली. महिन्याच्या दोन एकादश्या आल्या, वर्षाच्या चोवीस, अधिक मास आला तर सव्वीस. एवढं सगळ्यांना सारखं. कांदा-लसणाचं मात्र सारखं नाही. कोणी कायमचा सोडलेला, कोणी फक्त चातुर्मासात सोडतो, कोणी बारा महिने खातो आणि वारीही करतो. आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडं कांदेनवमी म्हणतात. त्या दिवशी घराघरात कांद्याची भजी होतात, आणि आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. वांगं मग चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला, भरीत-रोडग्याला येतं. आता हे आपल्याला ठाऊक. हॉटेलातल्या पोराला काय ठाऊक? म्हणून नुसतं "मी माळकरी आहे" म्हणून भागत नाही. त्याला वाटतं मटण खात नाही, झालं. तो पनीर आणून ठेवतो, आणि त्या पनीरचा रस्सा सगळा कांद्यावर उभा असतो.

तर सांगायचं ते आधी सांगावं. ताट पुढं आल्यावर सांगितलं की वाढणाऱ्याचं तोंड उतरतं. आमंत्रणाचा फोन आला तेव्हाच म्हणावं, "येतो, नक्की येतो. माझ्यापुरता वरण-भात आणि दही असलं तरी भागतं." बघा, काय चालतं ते सांगितलं. काय चालत नाही याची यादी वाचू नये. यादी ऐकली की घरच्या बाईला धाकच बसतो, आता ह्यांना घालू तरी काय म्हणून. चालणारे दोन पदार्थ सांगितले की ती मोकळी होते. तेवढं मात्र नीट सांगा. आपले लोक म्हणतात, भाकरी आणि ठेचा पुरे. अहो, ठेच्यात लसूणच असतो की! वरण म्हणलं तर फोडणीत लसूण. म्हणून "फोडणी घालायच्या आधी दोन पळ्या वरण बाजूला काढा" एवढं बोलावं. त्याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही.

हॉटेलात गेल्यावर "जैन" म्हणायचं. हा शब्द स्वयंपाकघरात सगळ्यांना कळतो. जैन म्हणलं की कांदा-लसूण येत नाही, बटाटासुद्धा येत नाही, तेवढं सोसावं. पाकिटावरच्या हिरव्या टिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. त्यात कांदा-लसूण नाही असा त्याचा अर्थ नव्हे. केक असला तर अंड्याचं विचारून घ्यावं. आणि एकादशी असली तर सरळ "आज एकादशी आहे" म्हणावं. महाराष्ट्रात एवढं एक वाक्य असं आहे की त्याच्यापुढं साहेबसुद्धा आग्रह करत नाही.

दुकानवाल्या पोरांना आम्ही आणखी एक सांगतो. अशा जेवणाला उपाशी जाऊ नका. घरनं अर्धी भाकरी खाऊन जा. गेल्या-गेल्या हातात लिंबूपाण्याचा ग्लास घ्या. हात मोकळा दिसला की लोक त्यात ग्लास देतात, भरलेला असला की कोणी विचारत नाही. ताटात थोडं घ्या, सावकाश खा, सगळे उठेपर्यंत बसा. आणि समोरचा काय खातो-पितो यावर चकार शब्द बोलू नका. तिथं कीर्तन लावायचं नाही. कीर्तनाला लोक स्वतः येऊन बसतात, जेवायला बोलावलेल्या माणसानं ते सुरू करू नये. माळ मात्र शर्टाच्या आत-बाहेर जशी असेल तशी राहू द्या. धंद्यातली माणसं दोन वेळा विचारतात, तिसऱ्या वेळी स्वतःच दुसऱ्याला सांगतात, "ते माळकरी आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगा." आमच्या पाहण्यात असं एक दुकान आहे, त्या पोराची उधारी लोक लवकर देतात, कारण हा शब्दाचा पक्का म्हणून नाव झालं. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण माळेनं धंदा बुडाला असं अजून कोणी दाखवलेलं नाही.

तरी काही जेवणं सोडायचीच असतात. भगवंत शिष्टाईला हस्तिनापुरात गेले तेव्हा दुर्योधनानं मोठी मेजवानी मांडली होती. देव जेवले नाहीत, विदुराच्या घरी गेले. कीर्तनात आम्ही कण्या रंगवून सांगतो, पण त्यातलं व्यवहाराचं बघा. ज्याच्याशी अजून बोलणी व्हायची आहेत, ज्याचा डाव आपल्याला दिसतो आहे, त्याचं ताट आधी खायचं नसतं. सोसायटीच्या, पंचायतीच्या निवडणुकीत ढाब्यावरची जेवणं असतात. तिथं शाकाहारी ताटही ठेवलेलं असतं, खास माळकऱ्यांसाठी. ते ताट शुद्ध असलं तरी आपलं नव्हे. तिथं भाजीचा प्रश्नच नाही.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, यजमानांचं. आपल्याकडं आग्रह म्हणजे प्रेम. "एवढ्यानं काय होतंय?" "रस्सा घ्या, फोडी बाजूला काढा." आणि काही आचरट माणसं तर गमतीनं खाऊ घालतात आणि मग सांगतात. ही गंमत नाही. ज्याला तुम्ही पाहुणा म्हणून बसवलं त्याचं व्रत फसवून मोडायचं, हे चोरीपेक्षा वाईट. असं झालं तर त्या माणसानं तिथं भांडू नये. उठावं, हात धुवावेत, चंद्रभागेचं स्मरण करावं आणि त्या घरी पुन्हा जेवायला बसू नये. व्रत मोडलं ते मोडणाऱ्याच्या खात्यावर, ह्याच्या नव्हे.

लग्नात एकादशी आली तर काय करावं? पुष्कळ जण अक्षता टाकतात आणि पंगत बसायच्या आत गाडी काढतात. मुलीच्या बापाला वाटतं, पाहुणा रुसला का काय. त्यापेक्षा कमरेला उपरणं बांधा आणि भाताची बादली घ्या. वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू का जेवत नाहीस. दोन केळी खिशात ठेवा, पंगत उठल्यावर मांडवाच्या कडेला बसून खा. बापाचा एक वाढपी वाचला आणि तुमची एकादशीही राहिली.

जत्रेचं जरा थांबून बोलायला हवं. गावजत्रेला घरोघरी मटण शिजतं. घरात एक माळकरी असतो, बाकी खाणारे. मग दोन चुली. एक बाहेर, पत्र्याच्या आडोशाला, एक आत. आणि दोन्ही चुलींपुढं बसते कोण? एकच बाई. त्यात तिच्या स्वतःच्या गळ्यात माळ असली तर ती वास सोसत पन्नास माणसांचं रांधते, आणि स्वतः दुपारी तीनला दही-भात खाते. पुरुष माळकऱ्याचं मात्र ताट वेळेवर पाहिजे. एकादशीलाही तेच. घरातल्या चार जणांचा उपास असला की साबुदाणा भिजवा, भगर निवडा, दाण्याची आमटी करा, आणि पोरांसाठी पोळी-भाजी आहेच. उपास आपला आणि राबणूक तिची. आम्ही आमच्या घरी ठरवलं आहे, एकादशीला दाणे आपण भाजायचे, रताळी आपण उकडायची. आणि जत्रेला माळकरी बाईला बाहेरच्या चुलीपुढं बसवायचं नाही. खाणारे गडी आहेत, त्यांनी शिजवावं. गावात काही जण हसले. हसू द्या, पुढच्या जत्रेला त्यांच्यातल्या दोघांनी पातेलं हातात घेतलं.

आता जरा अवघड बोलतो. पथ्याच्या आड दुसरंच काही लपवायचं, हा रोग आपल्या वारीतही शिरलेला आहे. चाळीसेक वर्षं झाली असतील. वाटेत एका वस्तीवर एक म्हातारी टोपलीभर भाकरी आणि कांदा घातलेला झुणका घेऊन उभी होती. दिंडीतली दोघं-तिघं पुढं झाली, वस्ती कोणाची ते बघितलं, आणि "आम्हाला कांदा चालत नाही" म्हणून सरकली. आमचे थोरले विणेकरी मागनं येत होते. त्यांनी खरोखरच जन्मभर कांदा-लसूण खाल्ला नव्हता. ते वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन खाली बसले. म्हणाले, "माय, कोरडी भाकरी दे, आणि गूळ असला तर खडा दे." दोन भाकरी खाल्ल्या. पाणी तिच्याच तांब्यानं प्याले. मग चालता चालता त्या दोघा-तिघांना एवढंच विचारलं, "काल लोणंदला भजी कशाची होती रे?"

माउली, कांदा न खाणं आणि एखाद्या घरचं न खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाथ महाराजांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारावरच्या भुकेल्या माणसांना वाढला आणि पैठणचा रोष ओढवून घेतला. आपली दिंडी सुरू झाली तेव्हा पंढरीच्या देवळात सगळ्यांना शिरता येत नव्हतं. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात 1 मे ते 10 मे उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. तो उपासच होता, साबुदाण्याचा नव्हे. आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात आपण काला करतो, एकमेकांच्या तोंडात घालतो. तिथं कोणी विचारत नाही, ह्या हातानं काय शिवलं होतं. मग वाटेवरच्या वस्तीत का विचारायचं? ज्याला खरंच कांदा चालत नाही त्यानं गुळाचा खडा मागावा. घर मात्र सोडू नये.

शेवटचं, दुखण्याच्या पथ्याचं. पूर्वी दिंडीत हे नव्हतं, आता प्रत्येक राहुटीत शुगरवाले दोन-चार आहेत. शिरा, बुंदी आली की त्यांनी चिमूटभर प्रसाद म्हणून घ्यावा, पुन्हा वाढू नये, आणि वाढणाऱ्यानं "देवाचं आहे" म्हणून डाव ओतू नये. एकादशीला गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी चालायचं नाही. वारीला निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, उपास करायचा का, केला तर गोळ्यांचं काय. साबुदाण्यानं साखर भराभर चढते हेही ध्यानात ठेवा. चालता चालता कोणाला दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं, तर साखर उतरलेली असू शकते. लगेच साखर किंवा गूळ तोंडात द्या. एकादशी आहे का विचारत बसू नका. माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काही घालू नका, अॅम्ब्युलन्स बोलवा. आणि शेंगदाण्याचं एक. आपला उपासाचा निम्मा स्वयंपाक दाण्याच्या कुटावर. काही माणसांना, विशेषतः काही लेकरांना, शेंगदाणा इतका बाधतो की अंग सुजतं, श्वास अडकतो. अशा लेकराच्या आईनं "नको" म्हणलं की नको. थोडा कूट तिच्या नकळत घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

यंदा कोठीवाल्यांकडं एक वही ठेवली आहे. ज्याचं जे पथ्य असेल, माळेचं असो की दुखण्याचं, त्यानं आळंदीहून निघायच्या आत नाव आणि पथ्य लिहावं. लिहिता येत नसेल त्यानं शेजारच्याला सांगावं. आचाऱ्यांनी कबूल केलं आहे, फोडणीच्या आधी एक पातेलं वरण बाजूला निघेल, आणि दाण्याचा कूट वेगळ्या डब्यात राहील. वाटेवरच्या अन्नदात्या मंडळींना चोपदार आदल्या मुक्कामावरून फोन करून सांगतील. वही आत्ता ह्या मांडवातच, वीणेपाशी ठेवली आहे.

रामकृष्ण हरी.