कंदिलाच्या कामट्या, नाताळचा तारा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



‘घरच्या घरी सजावट’ या विषयावर पाच मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. डिसेंबरात आपल्या फाटकावर लागतो, त्या ताऱ्याबद्दल.

हा तारा आधी फाटकावर नव्हता. आमच्या शेजारी सिस्टरताई राहायला आल्या, तेव्हा त्यांचा तारा घरातच, पडदा ओढून लागायचा. मला वाटलं, त्यांच्यात तशीच पद्धत असेल. एका वर्षी त्यांची मुलगी आली. “काकू, दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या उरल्यात का?” कामट्या दिल्या आणि सहज विचारलं, तारा बाहेर का लावत नाही गं? ती म्हणाली, “मम्मी म्हणते, कुणाला आवडलं नाही तर?” खरं सांगते, मला लाज वाटली. दोन वर्षं भिंतीला भिंत, दर संक्रांतीला तिळगूळ, आणि एवढं साधं मी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावरच तारा केला. मुलांनो, नीट ऐका. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या. एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची. मग आतल्या बाजूला कामट्या जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथं दोन्ही चांदण्यांच्या मधे बोटभर लांबीच्या पाच काड्या उभ्या बसवायच्या. तारा फुगतो. वरून पतंगाचा कागद मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. बल्ब घालायला एक जागा उघडी ठेवायची. बल्ब एलईडीचाच घ्या, बरं का! आमच्या पहिल्या ताऱ्याचा कागद साध्या बल्बनं करपला होता.

जर्मनीतल्या नीस्की गावच्या शाळेत 1830च्या सुमारास भूमिती शिकवताना मुलांकडून असे कागदी तारे करून घेत. म्हणजे हा खेळ आहे आणि अभ्यासही.

सिस्टरताईंनी गोठाही केला. छप्पर केळीच्या वाळक्या सोपटाचं. डोंगरकड्यात त्याला काय तोटा! हिरवळीसाठी आठ-दहा दिवस आधी वाटीत गहू पेरला. गोव्याकडं नाचणी पेरतात म्हणे. सासूबाई बघून म्हणाल्या, “अगं, हा तर आपला नवरात्रातला घटच की!” मग त्यांनीच रोज पाणी शिंपडलं. त्या वर्षी तारा फाटकावर लागला.

पुढं सिस्टरताईंची बदली झाली. जाताना ताऱ्याचा सांगाडा माझ्याकडं ठेवून गेल्या. गेल्या डिसेंबरात मी एकटीच कागद चिकटवत बसले होते. जाता जाता कुणीतरी विचारलं, “आता सोसायटीत त्यांचं घर नाही, मग तारा कशाला?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देते. उद्या कुणी नवीन राहायला आलं, तर त्यांना पडदा ओढावा लागू नये, म्हणून.

तेव्हा मुलांनो, दिवाळीचे कंदील उतरवले की कामट्या टाकू नका. नाताळच्या आधीच्या रविवारी माझ्या ओट्यावर घेऊन या. कागद आणि खळ माझ्याकडं लागली.