शिसे आणि मुलांचा अभ्यास



सातवीपर्यंत बरा असलेला मुलगा नववीत मागे पडला, की आपण त्याच्या आळसाला बोल लावतो. बहुतेक वेळा कारणे वेगळीच असतात. त्यातले एक सहज नजरेआड होते, ते म्हणजे शिसे. कृषिविद्येच्या माणसाने यावर का बोलावे? कारण हा धातू मातीतून, धुळीतून आणि कधी हळदीतूनही घरात येतो.

अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. शिसे हाडांत व दातांत साठते, त्यामुळे दात म्हणजे माती परीक्षणाचा नमुनाच म्हणा. मुले आजारी दिसत नव्हती. तरी ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचे बुद्धिमापनाचे गुण आणि वर्गातले लक्ष कमी, असे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ११ वर्षांनी, ती १८ वर्षांच्या आसपास असताना, त्यांपैकी १३२ जणांना पुन्हा तपासले. दातांत २० पीपीएमपेक्षा जास्त शिसे असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता सुमारे सातपट, तर वाचनात अडचण येण्याची जवळजवळ सहापट आढळली. गैरहजेरीही जास्त होती. म्हणजे पेरणीच्या वेळचा दोष कणसे भरताना दिसला.

असे का होते? शिसे शरीरात कॅल्शियमच्या वाटेने शिरते आणि मेंदूपर्यंत पोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणून दूध, नाचणी, पालेभाजी ताटात हवीच. पण आधी शिशाची वाट अडवा.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, मात्र मातीत पडलेले शिसे वरच्या थरातच राहते. आपल्या भारी काळ्या जमिनी ते घट्ट धरून ठेवतात, मुळांवाटे पिकात थोडेच जाते. खरा धोका पानावरच्या धुळीचा आणि कंदाला चिकटलेल्या मातीचा. रस्त्याकाठची मेथी, मुळा चांगला धुऊन घ्या.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी अंगणात फोडू नका, भंगारवाल्यालाही फोडू देऊ नका. नवी घेताना विक्रेत्याकडेच परत द्या. बॅटरीचे काम करून आलेल्याने कपडे बदलून, हातपाय धुऊनच मुलाला जवळ घ्यावे. जुन्या दारांचा रंग कोरडा खरवडू नये.

आता हळद. बांगलादेशात पॉलिश करताना हळकुंडांना लेड क्रोमेट लावत. तपासणी आणि दंड सुरू झाल्यावर भेसळीच्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. आपल्याकडे कोणी 'चकाकीची पूड' देऊ केली तर नाकारा. ढोलात शेवटी हळदीचीच पूड पाण्यात कालवून शिंपडा. व्यापारी भाव पाडून मागेल, पण ती हळद आपल्याही घरच्या डाळीत पडते.

मुलाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातील शिशाची तपासणी विचारा.