सेवेलाही पाळी हवी

बुलडाणा जिल्ह्याच्या घाटावरून आणि घाटाखालून डॉक्टर, परिचारिका, आशाताई, ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी या परिषदेला आले आहेत, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला दोन तासांसाठी शेजारणीवर सोपवून काही ताईही आल्या आहेत. अध्यक्ष म्हणून मी आज बोलणार आहे ते मुख्यतः या ताईंविषयी.

२०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि राज्यात शंभरातले जवळपास दहा जण साठीपुढचे होते. त्यानंतर म्हातारी माणसं वाढली आणि घरातले हात कमी झाले. मुलगा पुण्याकडे कंपनीत, मुलगी सासरी, आणि सिंदखेडराजापासून संग्रामपूरपर्यंत गावोगावी ओसरीवर म्हातारा-म्हातारी. ज्या घरातल्या कर्त्या शेतकऱ्यानं जीव दिला, तिथे तर सून एकटीच शेतीही बघते, लेकरंही आणि सासू-सासरेही.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळू लागलं, आणि त्याच वर्षी बुलडाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. चांगलंच आहे. पण लकवा झालेल्या माणसाला रात्री कूस बदलून देणाऱ्या बाईचं नाव यातल्या कुठल्याच कागदावर येत नाही. तिची नोंद ना दवाखान्यात होते, ना तहसीलमध्ये.

घरची सेवा म्हणजे नेमकं काय, हे आपण डॉक्टरांनीही नीट पाहिलेलं नसतं. आपण चिठ्ठीवर लिहितो, ‘दर दोन तासांनी कूस बदला.’ म्हणजे रात्रीतून चार वेळा उठणं आलं. उचलायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून वर्षभरात तिची कंबर जाते. खारपाणपट्ट्यात पिण्याचं पाणीही बाहेरून आणायचं, वर अंथरुणातल्या माणसाचे रोजचे कपडे धुवायचे. सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी, हे मजुरी मिळण्याचे दिवस. नेमके तेच तिला घरी काढावे लागतात. सासऱ्यांना डायलिसिस लागत असेल तर आठवड्यातले दोन-तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर जातात. पुढे तिचंच बीपी वाढतं, आणि ते आपल्याला कळतं ती चक्कर येऊन पडल्यावर.

सगळ्यात कठीण सेवा स्मृतिभ्रंशाची. देशभरातल्या एका मोठ्या पाहणीत साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना हा आजार आढळला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. सासूबाई अर्ध्या तासापूर्वी जेवलेल्या असतात, ते विसरतात आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘सुनेनं सकाळपासून जेवू घातलं नाही.’ ‘माझी पाटली चोरली.’ गाव ऐकतं आणि खरं मानतं. सुनेला राबणंही आणि वर बदनामीही. हा म्हातारचळ नसून मेंदूचा आजार आहे, एवढं गावाला कळलं तरी तिचं अर्धं ओझं उतरेल. ते सांगण्याचं काम आपलं आहे, आणि ते फुकट होण्यासारखं आहे.

ताराबाई शिंदे याच बुलडाण्याच्या. बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं. त्यांच्या गावात उभा राहून मी एवढंच पुढे विचारतो: आई मुलाची, वडील मुलाचे, मग सेवा एकट्या सुनेची कशी?

उपाय शोधायला फार लांब जायला नको. शेगावला जाऊन पाहा. गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीनं येतात, ठरलेले दिवस बिनमोल सेवा करतात आणि घरी परततात. मग दुसरे येतात. कुणी एकजण वर्षानुवर्षं सुट्टीशिवाय राबत नाही, म्हणूनच तिथला सेवेकरी हसतमुख दिसतो. मंदिरातली सेवा पाळीनं चालते, मग घरातली का चालू नये?

कुणी म्हणेल, देवाच्या दारी झाडू मारण्यात मान आहे, शेजारच्या म्हाताऱ्यापाशी बसण्यात कोण मान देणार? शंका रास्त आहे. शिवाय परक्या हातांची लाज वाटते, जातीपातीची अढी असते, दागिन्यांची धास्ती असते. म्हणून सुरुवात छोटी ठेवू. आलेल्यानं अंग पुसू नये, औषध देऊ नये. नुसतं दोन तास बसावं, गप्पा माराव्यात, हाक आली तर पाणी द्यावं. तेवढ्यात ती झोपेल, बँकेत जाईल, नाहीतर स्वतःला दाखवायला दवाखान्यात येईल. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक उपचारांचं काम सुरू झालं. पुढे मलप्पुरममध्ये गल्लीतलेच स्वयंसेवक त्यात उतरले. त्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आठवड्याचे ठरलेले तास द्यायला लागले. २००८ मध्ये त्या राज्यानं यासाठी धोरणच आणलं. म्हणजे आधी शेजार हलला, मग सरकार.

तेव्हा या परिषदेनं चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर सेवा करणाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्याच भेटीत तिचं बीपी, साखर, झोप आणि कंबर तपासायची. दुसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांच्या तपासणीच्या दिवशी घरच्यांना उचलणं, कूस बदलणं, बसवून भरवणं करून दाखवायचं. नव्या महाविद्यालयातले विद्यार्थीही त्यात असावेत. तिसरी, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ आणि बचत गट यांनी मिळून गावातल्या निदान एका घरी आठवड्यातून दोन तासांची पाळी धरायची. साठीतला धडधाकट माणूस ऐंशीतल्या माणसाचा उत्तम सोबती होतो. चौथी, बाहेरगावच्या मुलांसाठी: पैसे पाठवता, चांगलं करता. पण वर्षातला एक आठवडा तरी येऊन बापाची कूस स्वतः बदला आणि बायकोला किंवा वहिनीला माहेरी पाठवा.

दवाखाने वाढावेत, वॉर्ड वाढावेत, ही मागणी आपण करतच राहू. पण तिसऱ्या ठरावाला कुणाची मंजुरी लागत नाही. सभा संपल्यावर दारात एक वही ठेवलेली असेल. तीत गावाचं नाव, पाळी धरणाऱ्याचं नाव आणि वार लिहूनच बाहेर पडा. पहिलं नाव मी माझं लिहितो, वार बुधवार.