'बस'मधला लॅटिन प्रत्यय

बेळगावच्या खासबागेतला मराठी शाळेचा विद्यार्थी इंग्रजी शब्दांची यादी पाठ करू लागतो, तेव्हा शब्द संपत नाहीत. धीर मात्र संपतो. ही भाषा आपल्यासाठी नव्हेच, असे तो मनाशी ठरवून टाकतो. वस्तुतः रोज डोळ्यांपुढून जाणाऱ्या बसच्या नावातच त्याच्या अडचणीची किल्ली आहे.

'बस' हे 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचे शेपूट. ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. १८२९ साली लंडनमध्ये जॉर्ज शिलिबीर याने भाड्याची घोडागाडी या नावाने सुरू केली. पुढे मूळ शब्द गळाला आणि चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय तेवढा रस्त्यावर धावत राहिला! संस्कृतात 'सर्वांसाठी' म्हणजे 'सर्वेभ्यः'. त्यातील 'भ्यः' आणि लॅटिनमधील 'बस' हे एकाच कुळातले, असे भाषाशास्त्र सांगते. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्यातील हे नाते विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास जाहीरपणे मांडले होते.

इंग्रजीने उपसर्ग-प्रत्ययांचे मोठे भांडवल ग्रीक व लॅटिन यांच्याकडून घेतले. ग्रीक 'पेरि' म्हणजे आपला 'परि'. म्हणून 'पेरिमीटर' ती परिमिती. लॅटिन 'इंटर' म्हणजे 'अंतर्'. म्हणून 'इंटरनॅशनल' ते आंतरराष्ट्रीय. 'टेलिव्हिजन'मध्ये तर ग्रीक 'दूर' आणि लॅटिन 'दर्शन' शेजारी शेजारी नांदतात. असा एक उपसर्ग ओळखीचा झाला की दहा शब्दांची दारे उघडतात.

मात्र सावधपणही हवे. लॅटिन 'इन' कधी नकार दाखवतो, तर कधी 'आत' असा अर्थ देतो. पेट्रोलच्या टँकरवरील 'इन्फ्लेमेबल' या शब्दाचा अर्थ 'न पेटणारे' असा कोणी केला, तर अर्थाचा अनर्थ जिवावर बेतेल! तो पदार्थ चटकन पेट घेणारा असतो. म्हणून उपसर्गाने वाट दाखवावी, निवाडा मात्र शब्दकोशाने करावा.

आणि उसन्या शब्दांचा संकोच कशाला? 'खास' अरबी, 'बाग' फारसी; तरी खासबाग आपलीच आहे. जी गोष्ट गावाच्या नावात पचली, ती मुलांना पाठ्यपुस्तकातही पचेल. त्यासाठी घोकंपट्टीऐवजी शब्दाची फोड करून दाखवणारा कोणी जवळ हवा, इतकेच.