प्राथमिक शाळेतील कला आणि आपली मुले

(वडिवळे येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही व्यवसायाने बँकेतील कारकून. पदवी कला शाखेची आहे, पण त्या 'कले'चा रंग-कुंचल्याशी काही संबंध नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही रविवारच्या वर्गात मुलांबरोबर बसतो, त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

पहिली ते चौथीच्या कोणत्याही मुलाला 'चित्र काढ' म्हणा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, मधून उगवणारा सूर्य, एक वळणाची नदी, काठावर झोपडी आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. नागपूरच्या मुलाचे चित्र हेच आणि कोल्हापूरच्या मुलाचेही हेच. पण वडिवळ्याच्या मुलाने ते का काढावे? आपला लोहगड पाहा, विसापूर पाहा. माथा सपाट, खाली उभा कातळ. तिकोना तेवढा नावाप्रमाणे वागतो. आपली नदी धरणात अडली आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर मातीचे पट्टे उघडे पडतात. भाताच्या खाचरांचे बांध वाकडेतिकडे जातात. हे सारे मुलाच्या डोळ्यांसमोर रोज असते, कागदावर मात्र येत नाही. कारण फळ्यावर जे आहे तेच 'बरोबर', असे त्याला पहिल्या वर्षीच कळलेले असते.

याचा दोष सगळा गुरुजींवर टाकणे अन्यायाचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कलेसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचा तो सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील तरच. म्हणजे लहान गावच्या लहान शाळेला कलाशिक्षक मिळण्याची तरतूदच नाही. दोन गुरुजींनी सगळे वर्ग, सगळी दप्तरे आणि वर चित्रकला सांभाळायची! तेव्हा हे काम संस्थेने आणि पालकांनी उचलावे, असे आमचे मत आहे.

साहित्याला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न नेहमी येतो. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची परदेशी धर्तीची महाग साधने आदिवासी पाड्यावर कोण आणणार? त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने हीच साधने केली. त्याच भागातल्या वारली बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत. त्यांना ड्रॉइंगची वही कोणी दिली होती? आपल्याकडे तर चिकणमाती आहे, भाताचा पेंढा आहे, हळद, कोळसा, चुना आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी प्रत्येक घरात पडून असतात. दुकानात मिळणारे तयार 'प्रोजेक्ट' आणून रात्री बारा वाजता आईने चिकटवायचे, यात मुलाचा हात कुठे लागतो?

आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. आम्ही हा विषय काढला तेव्हा एका पालकाने विचारले, "साहेब, पोराला शाळेत धाडलं ते झाडू वळायला का?" सभेत काहीजण हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. मेलेले जनावर ओढणे, सांगावे पोचवणे, गावकीची राबणूक ही कामे आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला आली ती त्यांच्या हातात कसब होते म्हणून नव्हे, तर जन्मावरून. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. धर्मांतरानंतर कित्येक गावांत आपल्या लोकांनी ती कामे सोडली, त्यासाठी बहिष्कारही सोसला. अशा घरातल्या आजीने नातवाला शाळेत दोर वळताना पाहिले तर तिच्या पोटात कालवणारच. त्या प्रश्नाला 'श्रमाची प्रतिष्ठा' असे गुळगुळीत उत्तर देऊन भागत नाही. जो कधी राबला नाही त्याने श्रमाची प्रतिष्ठा सांगावी आणि जो पिढ्यान्‌पिढ्या राबला त्याने ती ऐकावी, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या वर्गात एक अट आहे. जे काम असेल ते प्रत्येक मुलाने करायचे. माती कालवायची तर पाटलाच्या मुलाने, आपल्या मुलाने आणि कातकरी वस्तीवरच्या मुलीनेही. वर्ग झाडायची पाळी आडनाव बघून लागणार नाही, आणि चित्रातला रंग निवडायची पाळीही नाही.

दुसरी अट नावाची. आपल्याजवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि छताच्या लाकडी कमानी आजही वर दिसतात. तेथे दान देणाऱ्यांचे लेख आहेत, ते सगळे श्रेष्ठींचेच नाहीत. दाराजवळच्या एका लेखात धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने हे दार केले असे कोरलेले आहे. त्याचे गाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचा धंदा, तिन्ही गोष्टी उघड लिहिलेल्या! मुलांना लेणी दाखवायला नेतो तेव्हा मूर्तींच्या आधी हा लेख दाखवतो. मग मुले आपल्या मातीच्या बैलाच्या पोटाखाली काडीने स्वतःचे नाव, आईचे आणि बापाचे नाव, गावाचे नाव लिहितात. (नाव कोरायचे ते आपल्या कामावर, लेण्याच्या भिंतीवर नव्हे, हेही तेथेच बजावावे लागते.)

मुलांना सगळ्यात रमवणारे काम म्हणजे गावाचा नकाशा. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून मोठा कागद करायचा, आणि ज्याने त्याने आपले घर, आपली वाट, आपले पाण्याचे ठिकाण काढायचे. कोणाचे घर शाळेपेक्षा मोठे होते, कोणाच्या म्हशीला सहा पाय येतात. ते खोडू नये. एका मुलीने विहीर काढली आणि तिच्याभोवती नुसत्या पायांच्या खुणा काढल्या. विचारले तर म्हणाली, माणसे पाणी घेऊन गेली. अशा चित्राला कोण गुण देणार? म्हणून गुणही नकोत आणि पहिला-दुसरा नंबरही नको. बँकेत दिवसभर बेरजा करतो, निदान रविवारी तरी त्यातून सुटका हवी.

पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता वर्ग भरेल. माती आणि पेंढा आम्ही आणतो. पालकांनी जुन्या पत्रिका द्याव्यात, हळद चिमूटभर पुरे. मुलांनी मळके कपडे घालून यावे. आणि मोठ्यांनी कृपया मुलाच्या हातातली काडी घेऊन 'असे नाही, असे' म्हणू नये. ज्यांना राहवत नाही, त्यांच्यासाठी माती वेगळी ठेवू.

जयभीम.